टॉवेल आले, मॉनिटरही आले

मालती उमरीकर ड्रमसेटसकट मंचावरून मागच्या मागे गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमाचाच भाग असेल असं त्यांना वाटलं. पन्नाशीची बाई, ओढणी कमरेला गच्च आवळलेली, हातांत काठ्या; गाण्याच्या ऐन भरात तिचे हात वर गेले आणि पाहता पाहता बाईच गायब! मंचामागे सरकारी क्रोटनच्या कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या. त्यातल्या दोन कुंड्यांच्या बेचक्यात ती बसली होती, आणि तिची मोठी झांज गडगडत पोलीस बंदोबस्ताच्या दिशेनं निघाली होती.

"अम्मा, ठीक है ना?" अझहरनं माइकमधूनच विचारलं.

मालतीनं खालून जे उत्तर दिलं ते माइकपर्यंत पोचलं नाही, हे सरकारचं नशीब.

खरं तर सगळा दोष अझहरचा. बँडचं नाव 'खिचडी-खट्टा'. हैदराबादेत सकाळच्या पारी खिचडीवर आंबट खट्टा ओतून खातात, त्यावरून. गाणीही त्याच चवीची. दख्खनी शब्द, तेलुगू ठेका, आणि मालतीच्या हट्टाखातर मध्येच एखादी मराठी ओळ, जी अझहर अशी काही म्हणे की मराठी माणसालाही ती दख्खनीच वाटावी. अझहर गाई आणि गिटार वाजवी; दिवसा तो एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधी. बास गिटारवर यादगिरी, बसडेपोतला मेकॅनिक. आणि ड्रमवर मालती.

राज्याची तेलंगणा आणि आंध्र अशी वाटणी होणार हे तेव्हा जवळपास ठरलं होतं. वाटणीआधी हातातलं अनुदान उडवून टाकावं म्हणून एका सरकारी खात्यानं उघड्या मैदानावर संगीत महोत्सव काढला. खात्याचं नाव सांगत नाही, त्यांना आधीच पुष्कळ ताप आहे. खात्यानं कळवलं, तुम्हाला मंचावर काय काय लागेल ते लिहून द्या. या कागदाला धंद्यात 'रायडर' म्हणतात. अझहरनं काय करावं? इंटरनेटवरून कुठल्याशा परदेशी बँडचा रायडर उतरवला, त्यांचं नाव काढून आपलं घातलं आणि दिला पाठवून. एका ठिकाणी नाव बदलायचं राहिलंसुद्धा.

खातं प्रामाणिक. जे कळलं ते सगळं त्यांनी दिलं. काळे टॉवेल मागितले होते, विणकर सोसायटीचे लाल काठाचे पांढरे आले, चांगले गठ्ठाभर. गरम सूप आलं, वर तळलेल्या पावाचे तुकडे. 'दोन ट्रकसाठी राखीव जागा' दोरी बांधून अडवून ठेवली होती आणि तिथं एक शिपाई उभा केला होता. मालती ऑटोतून ड्रम घेऊन आली तर त्यानं तिला आत सोडलं नाही. म्हणाला, हा ट्रक नाही.

रायडरमध्ये चार मॉनिटर मागितले होते. मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याला आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवतात ते स्पीकर. खात्यानं चार मॉनिटर दिले. संगणकाचे. ते मंचाच्या कडेला एका ओळीत मांडले होते आणि त्यातल्या एकावर निळ्या पाण्यात मासे पोहत होते.

"ड्रमसाठी आठ बाय आठचा उंच चौथरा" असंही लिहिलं होतं. त्यासाठी कचेरीतली दोन टेबलं दोरीनं एकत्र बांधली होती. दोन टेबलांची उंची सारखी नव्हती. पुढचं सांगितलंच.

*

मालती मूळची हैदराबादेतल्याच गौलीगुड्याची. वडील मराठी शाळेत मास्तर. गणपतीच्या दिवसांत गल्लीतला ऑर्केस्ट्रा बसे आणि त्यात तिचा चुलतभाऊ बाळकृष्ण ड्रम वाजवी. एका वर्षी ऐन चतुर्थीच्या तोंडावर बाळकृष्णाला कावीळ झाली. परकरपोलक्यातली मालती म्हणाली, मी बसते. बसली ती उठलीच नाही. बाळकृष्ण बरा होऊन आला तेव्हा त्याच्या हातात खुळखुळा दिला गेला. आज तो वकील आहे, पण तो घाव अजून भरलेला नाही.

तिला पाहायला उमरीकर मंडळी आली तेव्हा कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला, मुलीला काय काय येतं? मास्तर शिवण, विणकाम असं पुटपुटत होते तोच मालती म्हणाली, "ड्रम." खोलीत अशी शांतता पसरली की पोह्यातले शेंगदाणे चावल्याचे आवाज ऐकू यावेत. होणाऱ्या सासूबाई, सुशीलाबाई, शेतकरी घरातल्या. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे हात चालतात." लग्न ठरलं. लग्नानंतर त्यांनी एकच अट घातली: वाजव, पण पाय झाकून वाजव.

नवरा नामदेवराव, दुसऱ्या एका सरकारी कचेरीत. त्या दिवसांत तिथं प्रत्येकजण प्रत्येकाला विचारी, तुम्ही कुठले? तेलंगणाचे की आंध्राचे? नामदेवरावांचं उत्तर ठरलेलं होतं: "आम्ही छप्पन सालीच वाटले गेलो. आमचं गाव महाराष्ट्रात गेलं, आम्ही इथंच राहिलो. आता पुन्हा वाटायचं असेल तर अर्धं अर्धं करा."

मनगट सुजून मालती घरी आली तेव्हा त्यांनी हळद उगाळून लेप लावला आणि विचारलं, "आता सोडणार?"

"काय सोडणार?"

"ड्रम."

"मी काय केलं? टेबलानं सोडलं मला." ती उसळून म्हणाली. "ह्यापुढं रायडर मी लिहिणार."

आणि तिनं लिहिला. डावं मनगट फडक्यात, उजव्या हातात पेन, डोक्यात राख. 'टेबल म्हणजे चौथरा नव्हे. दोन टेबलंही नव्हेत. दोरी ही बांधकामाची वस्तू नाही. ज्यात मासे दिसतात तो मॉनिटर आम्हाला नको, ज्यातून आवाज येतो तो हवा. ऑटो हेही वाहन आहे.' पानामागून पानं. जगातला प्रत्येक स्पीकर, प्रत्येक वायर, प्रत्येक खिळा तिनं मागितला, आणि न दिल्यास काय होईल तेही बजावलं. नामदेवरावांनी आयुष्यभर सरकारी कागद वाचले होते. त्यांनी तो चष्मा लावून वाचला.

"ही मागणी आहे की फिर्याद?"

"दोन्ही."

"मग दोन्हींवर काही होणार नाही," ते म्हणाले आणि लेप बदलायला उठले.

*

झालं मात्र काहीतरी. खात्यातल्या अधिकाऱ्यानं तिला बोलावून घेतलं. त्याचं नाव चक्रपाणी. घराणं गुंटूरचं, जन्म हैदराबादचा, भाषा विचाराल तर मालतीपेक्षा चांगली दख्खनी. कचेरीत खडूनं प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एकेक अक्षर काढलं होतं, कुठली वस्तू कुठल्या राज्याकडे जाणार ते कळावं म्हणून. चक्रपाणी बसला होता त्या खुर्चीवर तेलंगणाचं अक्षर होतं, आणि स्वतः तो बहुधा आंध्राकडे जाणार होता.

"अम्मा, हे तुम्ही लिहिलंत?"

"हौ."

"मी दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. ती तुमची बाजू घेते." त्यानं कागद खाली ठेवला. "पण आता मला सांगा, ह्यातलं मी काय देऊ? माझ्याकडे एक स्पीकर नाही. सामान सगळं ठेकेदाराचं. मी तुमचा कागद त्याला देतो, तो मान हलवतो, आणि त्याच्याकडे असतं तेच आणतो. माझी फक्त सही. असं काही लिहा ना, की ज्याला मला खरं खरं हो म्हणता येईल."

मालती भांडायला गेली होती. त्यासाठी रस्ताभर जमवलेली वाक्यं तोंडातच राहिली. समोरचा माणूस सरळच बोलत असेल तर भांडण चालवणं फार जड जातं.

"ठेकेदार कुठं बसतो?" तिनं विचारलं.

ठेकेदार जानीमियाँ बेगम बाजारात मिरचीच्या घाऊक दुकानांमागच्या गोदामात बसे. तिथला प्रत्येक स्पीकर तिखटात मुरलेला. मालती पहिली दहा मिनिटं नुसती शिंकली. जानीमियाँनं चहा मागवला आणि सगळं गोदाम फिरवून दाखवलं: हे आहे, हे आहे पण खरखरतं, हे आहे पण मोहरमपर्यंत दुसरीकडे दिलंय.

"आणि जे नाही ते मागितलं तर तुम्ही काय करता?"

"हौ बोलता." त्याला प्रश्नच कळला नाही. "गिऱ्हाइकाला ना कसं म्हणायचं? आमच्यात रीत नाही."

कोपऱ्यात लाल गालिच्याचा एक भक्कम लाकडी चौथरा उभा करून ठेवला होता. मालतीनं हात लावून पाहिला, मग आडवा करायला लावला, वर चढली आणि दोन उड्या मारल्या. हलला नाही.

"हे काय?"

"शादी का तख्त. ह्याच्यावर नवरानवरी बसतात, त्यांचे मामे, मावश्या, फोटोवाले, सगळे चढतात. आजवर कुणी पडला नाही."

"मग त्या दिवशी हा का नाही आणलात?"

"तुम्ही कुठं मागितला? तुम्ही अंग्रेजीत काय ते लिहिलं. मी समजलो, काही मशीन असेल."

मालती तख्तावर बसली आणि हसत सुटली. हसणं संपेना, मध्ये मध्ये शिंका.

नवा रायडर एका पानाचा झाला. काय लागतं, काय आम्ही स्वतः आणू, आणि काही नसलं तर आम्ही कसं भागवू. 'ड्रमसाठी शादीचा तख्त, सिंहासनाशिवाय. आमच्याकडे तोंड केलेले चार स्पीकर. दोनच असले तर एक गाणाऱ्यापुढे, एक ड्रमजवळ. जनरेटर लांब ठेवावा, नाहीतर तोच मुख्य गायक होतो. माइक आम्ही आमचे आणू. पाऊस आला तर थांबा म्हणणारा एकच माणूस असावा आणि त्याचं नाव आधी सांगावं.'

अझहर वाचून खट्टू झाला. "इत्ताच? लोग समझेंगे, हम लोग छोटे लोग हैं."

"मोठे होतो तेव्हा मी कुंडीत बसले होते," मालती म्हणाली.

उन्हाळ्यात एका बागेत कार्यक्रम झाला. तख्त आला, स्पीकर आले, जनरेटर लांब धुगधुगत राहिला. काहीही बिघडलं नाही. मालतीनं दीड तास मनसोक्त वाजवलं आणि घरी येताना तिला थोडं चुकल्यासारखंच वाटत होतं.

*

जूनमध्ये राज्याचे दोन भाग झाले. राजधानी मात्र दोघांची एकच, हैदराबाद. त्यामुळे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदली झालेला माणूस कपाटातले डबे घेऊन व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला जाई. चक्रपाणीचा हुकूम आला नव्हता, म्हणून तो अलीकडच्या, तेलंगणाच्या टोकालाच राहिला. रिकामं बसवत नव्हतं त्याला. त्यानं मालतीचा कागद नीट टाइप करून घेतला, बँडच्या नावाच्या जागी टिंबं टिंबं घातली आणि सगळ्या कलापथकांसाठी तोच नमुना लावून टाकला. मालतीला सांगायचं मात्र राहून गेलं.

श्रावणातल्या एका दुपारी मालतीच्या दिलसुखनगरच्या घराची घंटा वाजली. दारात गळ्यात जाड साखळी घातलेला एक धिप्पाड माणूस.

"तख्तवाली अम्मा तूच का?" त्यानं तेलुगूत विचारलं.

हा जंगय्या. डप्पू वाजवणाऱ्यांच्या पथकाचा म्होरक्या आणि आवाजानं पुढारी. डप्पू म्हणजे आपल्या हलगीसारखं कातड्याचं सपाट वाद्य. खांद्याला अडकवून नाचत वाजवतात. जंगय्यानं आत येऊन सोफ्यावर बसकण मारली आणि आपलं गाऱ्हाणं मांडलं. सरकारी कार्यक्रमाला त्यांना बोलावलं, आणि मंचावर लाल गालिच्याचा तख्त. तिच्या कागदात आहे म्हणून सगळ्यांना वर चढवलं. डप्पू नाचत वाजवायचा. नाचता नाचता निम्मे खाली आले.

मालती हसली. मग तिला आपलं मनगट आठवलं आणि तिचं हसू ओसरलं. माणसाला उंचावरून पाडायची विद्या आता आपल्या नावानं चालते आहे, हे काही बरं नव्हे.

"थांब, तुझा कागद वेगळा करू," ती पेन घेऊन बसली. "तख्त नको. खाली मोकळी जागा. स्पीकर दोन, माइक वरून टांगलेले, डोक्यावर मांडव..."

"आधी गप बस अन् ऐक," जंगय्या म्हणाला.

इतकी वर्षं तिला असं फक्त सुशीलाबाई म्हणत. ती गप्प बसली.

"स्पीकर घाल चुलीत. मला चूल दे. पावसाळी हवेत कातडं सादळलेल्या पापडासारखं होतं. आगीवर धरलं की ताणलं जातं, वाजतं. थोड्या वेळानं परत ढिलं. म्हणून आग जवळ पाहिजे, कार्यक्रम संपेपर्यंत पाहिजे. मी तिथं मागितली तर तुझा तो साहेब म्हणतो, कागदात नाही."

मालतीनं लिहिलं: आग.

"आणि चिकन बिर्याणी. लेगपीसवाली."

"ते नाही लिहायचं."

"का?"

"ते लिहिलं तर तेवढंच येतं. अनुभव आहे."

*

बतुकम्मा नव्या राज्याचा सण म्हणून थाटात करायचं ठरलं होतं. तळ्याच्या बांधावर फुलांचे मनोरे ठेवून बायका फेर धरणार, जंगय्याचं पथक आणि 'खिचडी-खट्टा' मिळून वाजवणार. चक्रपाणीनं 'आग' हा शब्द वाचला आणि कपाळाला हात लावला. मांडवाजवळ उघडी आग म्हटल्यावर अग्निशमनवाले नाही म्हणणार. लाकूड ठेकेदाराच्या यादीत नाही. गवत जाळावं तर ठिणग्या उडतात.

मालती आणि जंगय्या बांधावर जाऊन सगळी जागा फिरले. मंचाच्या डाव्या अंगाला तळ्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. वारा तिथून पाण्याकडे जात होता. पायऱ्यांवर लोखंडी घमेलं, शेजारी वाळूच्या बादल्या आणि एक अग्निशमनवाला, असं तिनं लिहून दिलं. त्या माणसाला बसायला खुर्चीसुद्धा मागितली. त्यामुळे असेल, तो हो म्हणाला.

राहिलं जळण. चक्रपाणीनं उठून कचेरीतलं एक कपाट उघडलं. आत वरपासून खालपर्यंत कोरे कागद, जाड, उत्तम प्रतीचे, प्रत्येकाच्या माथ्यावर जुन्या अखंड राज्याचं नाव छापलेलं.

"हे इकडे चालत नाहीत, तिकडेही चालत नाहीत," तो म्हणाला. "रद्दीत घालायचे तर आधी वाटणी व्हायला पाहिजे. वाटणीसाठी समिती आहे. समिती अजून बसली नाही."

"वाटणीआधीच संपले तर भांडणच मिटलं," मालती म्हणाली.

चक्रपाणीनं तिच्याकडे पाहिलं. "अम्मा, ह्याच्यावर मी पंधरा वर्षं सह्या केल्या."

"मग तुम्हीच घेऊन या," ती जरा मऊ आवाजात म्हणाली.

संध्याकाळी बांधावर झेंडूचे, तेरड्याचे मनोरे घेऊन बायका आल्या. दोन गाणी झाली आणि भुरभुर सुरू झाली. थांबा म्हणायचं काम चक्रपाणीचं होतं. त्यानं हात वर केला, जानीमियाँनं वीज तोडून स्पीकरांवर प्लास्टिक ओढलं. अझहरची गिटार मुकी झाली, यादगिरीची बासही. बायका फेर धरून तशाच उभ्या. मग जंगय्या पुढे झाला.

डप्पू कडाडला तसा फेर पुन्हा फिरू लागला. मालतीला राहवेना. छोटा ड्रम गळ्यात अडकवून ती खाली उतरली आणि त्यांच्यात घुसली. तिला वाटलं होतं, ठेका तो ठेका. पण हे लोक पायानं मोजत होते आणि ती कानानं. तिसऱ्या फेऱ्यात ती एका म्हाताऱ्या डप्पूवाल्याच्या अंगावर गेली.

"अम्मा, बाजूला हो," जंगय्या वाजवता वाजवताच ओरडला. "आग बघ!"

आणि पन्नासाव्या वर्षी, एवढ्या गणपतींचा ड्रम अंगात मुरलेली मालती उमरीकर घमेल्यापुढे उकिडवी बसली. एकेकजण ढिला डप्पू आणून देई, ती तो आगीवर फिरवी, बोटानं टिचकी मारून पाही आणि परत देई. पहिला तिनं जरा जास्तच तापवला, शिव्या खाल्ल्या. मग हात बसला. कातडं ताणलं जाताना आतून एक बारीक कुरकुर येते, ती ओळखू आली की उचलायचा. इतक्या वर्षांत असं काही ऐकलंच नव्हतं तिनं. पावसाचा, धुराचा, कुणाच्या टाळ्यांचा तिला पत्ता नव्हता.

चक्रपाणी शेजारी उभा राहून कागद सारत होता. खुर्चीवरच्या अग्निशमनवाल्याला एका कागदावरची मुद्रा दिसली आणि तो दचकून उठला.

"साहेब, हे सरकारी कागद आहेत!"

"कोणत्या सरकारचे?" चक्रपाणीनं विचारलं.

त्यानं विचार केला. बराच वेळ केला. आणि पुन्हा खाली बसला.

*

दिवाळीनंतर चक्रपाणीचा हुकूम आला आणि तो व्हरांड्याच्या पलीकडे गेला. आठवडाभरात त्याचा फोन. मच्छलीपट्टणच्या किनाऱ्यावर त्यांच्या राज्याचा महोत्सव आहे, कोळ्यांची पथकं येणार आहेत, दोन बँडही आहेत; कागद लिहून द्याल का? जुनाच नमुना जरा इकडचा तिकडे केला तरी चालेल.

"वाळूवर तख्त बसेल का?" मालतीनं विचारलं.

"ते मला काय ठाऊक?"

"आणि वारा कुठून येतो? भरती कधी येते? ओल किती असते?"

"अम्मा, समुद्र आहे. ओलाच असणार."

मालतीनं फोन ठेवला. जन्मात तिनं समुद्र पाहिला नव्हता. गंडिपेटचा तलाव आणि हुसेनसागर, ह्यापलीकडे मोठं पाणी तिला ठाऊक नव्हतं. नामदेवराव पेपर वाचत होते.

"अहो, रेल्वेची दोन तिकिटं काढा."

"कशाला?"

"बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही."

"लिहायचं एक पान, त्यासाठी रात्रभर गाडीत बसायचं?" पेपर खाली घेऊन ते म्हणाले. "आणि मी तिथं काय करू?"

"तुम्ही वाळूत खुर्ची टाकून बसा," मालती म्हणाली. "खुर्ची किती रुतते ते मला बघायचंच आहे."